दगडाचा दाखला

गास गावच्या माझ्या एका स्नेह्यांच्या ओटीवर रविवारची मिस्सा आटोपल्यावर जी बैठक जमते, तिचा विषय पूर्वी जमिनीच्या हद्दी, बावखलांतले घटत चाललेले पाणी आणि केळीवर पडणारा रोग यांपलीकडे सहसा जात नसे. परंतु हे गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना दगड वेचण्याचा नाद लागला आहे, आणि ज्या कोनाड्यात पूर्वी मोजणीच्या नकाशांची सुरळी असे, त्या कोनाड्यात आता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. परवा त्यांची भाची आली होती. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रागितिहास शिकली आहे, आणि मामांवर तिचा जीव असला तरी दगडांच्या बाबतीत ती त्यांची भीड धरीत नाही. त्या दिवशी दोघांमध्ये जो वाद झाला तो मी शेवटपर्यंत ऐकला, आणि त्यात दोन्ही बाजूंना इतके वजन होते की तो लिहून ठेवावा असे मला वाटले.

मामांनी जुन्या वर्तमानपत्रावर पाच दगड ओळीने मांडले. भाचीने खिशातले भिंग काढले आणि एकेक दगड उन्हात तिरपा धरून पाहत तिने त्यांतले चार बाजूला सारले. पहिला काळ्या कातळाचा पापुद्रा होता. उन्हाने तापून आणि पावसाने निवून कातळाची साले सुटतात, त्यांतलेच ते एक साल. दुसऱ्याच्या कडेला खाचा होत्या, परंतु त्या ताज्या, पांढुरक्या आणि वाटेल त्या दिशेने गेलेल्या होत्या, आणि एकीत लोखंडाची गंजकी रेघ उमटलेली होती. तो खडी फोडण्याच्या यंत्रातून निसटलेला तुकडा होता. तिसरा ओढ्याने घोटलेला गोटा, आणि चौथा अकिकाचा, कातळाच्या पोकळीत जन्मलेला आणि तिथेच फुटलेला. मामांचा चेहरा उतरला. पाचवा दगड मात्र तिने खाली ठेवला नाही.

तो पिवळसर तपकिरी कॅल्सेडनीचा, आंब्याच्या अर्ध्या कोयीएवढा तुकडा होता. त्याची एक बाजू गुळगुळीत होती आणि तिच्या एका टोकाशी, त्वचेखाली सुपारी ठेवावी तसा, हलका फुगवटा आला होता. त्या फुगवट्यापासून, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, अस्पष्ट लहरी दुसऱ्या टोकाकडे गेल्या होत्या. पाठीवर पूर्वी निघालेल्या तीन छिलक्यांचे व्रण होते आणि त्यांच्यामधून दोन उभ्या कडा धावत होत्या. खालचे टोक अर्धगोल होते. त्या गोलाईवर एकाच बाजूने, एकाशेजारी एक, नखाने लोणी उकरावे तसे बारीक चरे काढलेले होते, आणि प्रत्येक चरा आधीच्या चऱ्याचा काठ थोडासा खाऊन पुढे गेला होता.

"मामा, हा माणसाच्या हातचा आहे," ती म्हणाली. "फुगवटा आला आहे तो जोराचा नेमका घाव एका जागी पडल्यामुळे. ज्या सपाट पीठावर तो घाव पडला ते पीठही वर शाबूत आहे. निसर्गसुद्धा दगडावर असा घाव क्वचित घालू शकतो, म्हणून केवळ फुगवट्यावर मी विसंबणार नाही. परंतु या टोकाची चरेकाम केलेली कड पाहा. सगळे चरे एकाच बाजूने आले आहेत, एकाच कोनात आहेत, आणि जिथे धार हवी तिथेच आहेत. बाजूच्या कडांना कोणी हात लावलेला नाही. पाणी, ऊन आणि वजन दगड फोडतात, पण कोठे फोडायचे याची निवड ते करीत नाहीत. ही तासणी आहे. कातडे, लाकूड किंवा बांबू तासण्याचे हत्यार."

तिने तो दगड मामांच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांचा अंगठा आपोआप त्या फुगवट्याशेजारच्या खोलगट जागेत जाऊन बसला. काही क्षण कोणीच बोलले नाही.

निवडीचा हा निकष वाटतो तितका सोपा नाही, याची कबुली तिने पुढे स्वतःच दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन नावाच्या एका दुकानदाराने खडबडीत, कडेला टवके उडालेले शेकडो दगड गोळा केले, आणि मोठमोठ्या विद्वानांनी त्यांना मानवाची आद्य हत्यारे मानले; पुढे 1905 साली वॉरन नामक संशोधकाने दगडांवर दगड दाबून दाखवले की भाराखाली दाबलेल्या गारेच्या कडेला असलेच टवके आपोआप उडतात, आणि त्या हत्यारांच्या मोठ्या राशीचा दावा खचला. हॅरिसन अप्रामाणिक नव्हता. त्याला दगडांवर अपार प्रेम होते, आणि प्रेमाने पाहणाऱ्याला हवे ते दिसते. हे वाक्य भाचीने मामांकडे न पाहता उच्चारले, एवढे तिचे सौजन्य.

परंतु मामांना आता उत्साह चढला होता. "माणसाचे आहे म्हणालीस, ते बस झाले. आता त्याचे वय मी सांगतो. कांदिवलीला टॉडसाहेबाला अशाच तासण्या सापडल्या, आणि शिवाय नेवाशाला सांकलियांनाही, प्रवरेच्या जुन्या गाळातून, याच जातीच्या दगडाच्या. मध्य पुराश्मयुग! पन्नास हजार वर्षे तरी धर. आकार एकच, दगड एकच, घडणही एकच. मग काळ वेगळा कसा?"

वाचकांच्या माहितीसाठी सांगणे अवश्य आहे की मामांनी घेतलेली नावे पोकळ नव्हती. के. आर. यू. टॉड हा आरमारातील अधिकारी; त्याने मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः कांदिवलीजवळच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, माती व रेवेचे थर तपासून त्यांतून हत्यारे काढली आणि 1939 साली लंडनच्या मानवशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले; पुढे 1950 साली साष्टीतील सूक्ष्म हत्यारांवरही त्याने लिहिले. हसमुख सांकलिया यांनी नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी 1954 सालापासून जे काम केले, त्यामुळे हातकुऱ्हाडींचा काळ आणि सूक्ष्मास्त्रांचा काळ यांच्या मधला एक स्वतंत्र टप्पा, ज्यात जास्पर, चर्ट आणि कॅल्सेडनी यांच्या छिलक्यांपासून तासण्या घडवीत, महाराष्ट्रात ठामपणे उभा राहिला. अरबी समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गासच्या रहिवाशाला कांदिवली म्हणजे मधली खाडी ओलांडली की आलीच, आणि तिथे सापडलेल्या वस्तूंशी आपल्या डब्यातील वस्तूचे नाते जोडण्याचा मोह त्याला व्हावा यात वावगे काही नाही.

"मामा, तुम्ही ज्या साक्षीदारावर विसंबता," भाची म्हणाली, "तो नेमका काळाच्या बाबतीत सर्वांत कच्चा साक्षीदार आहे. हातकुऱ्हाडीची गोष्ट थोडी निराळी; तिचा आकार ओळखीचा आणि तिचा काळ ढोबळपणे तरी बांधता येण्याजोगा. पण तासणी कधी नव्हती? हातकुऱ्हाडींबरोबर ती आहे, नेवाशाच्या रेवेत आहे, सूक्ष्मास्त्रांबरोबर अंगठ्याच्या नखाएवढी होऊन आहे, आणि तांब्याची ओळख झाल्यावरही लोक गारगोटीच्या छिलक्यांनी कातडी तासतच होते. इथिओपियात कोन्सो भागातल्या कातडी कमावणाऱ्या स्त्रिया तर आपल्या काळापर्यंत दगडी तासण्या घडवीत आल्या आहेत, लाकडी दांड्यात राळेने बसवून. त्यांच्यातली एखादी तासणी तुमच्या डब्यात टाकली, तर तिला तुम्ही किती हजार वर्षांची म्हणाल?"

  

आकाराचे आणखी एक कुलंगडे तिने उघड केले. फ्रान्सचे फ्रान्स्वा बोर्द यांनी 1961 साली दगडी हत्यारांची 63 प्रकारांची जी यादी सिद्ध केली, तीत वीसहून अधिक प्रकार एकट्या कडेच्या तासण्यांचे होते: सरळ धारेची, बाकदार धारेची, दुहेरी, टोकाशी मिळणारी, आणि अशाच कितीतरी. एका पिढीने ही यादी प्रमाण मानली. मग 1987 साली अमेरिकेचे हॅरल्ड डिबल यांनी असे प्रतिपादले की हे प्रकार घडवणाऱ्याच्या मनात नव्हतेच. तासणी बोथट झाली की तिची धार पुन्हा काढायची, पुन्हा बोथट झाली की पुन्हा, असे करता करता सरळ धार बाकदार होते, एकेरीची दुहेरी होते, आणि शेवटी उरतो तो झिजलेला, आखूड, टोकदार तुकडा, जो विद्वान निराळ्या नावाने निराळ्या पेटीत ठेवतात.

"विळ्याला सहाण लावून लावून त्याचे पाते दोऱ्यासारखे होते," मामा विचार करीत म्हणाले, "म्हणून तो निराळ्या जातीचा विळा होत नाही. हे मला पटले. पण मग तू मला सांग, आकाराला विचारायचे नाही, तर विचारायचे कोणाला? या दगडावर अक्षर नाही. सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली बुरूड राजाचा कोट नावाचा स्तूप खणला, तेव्हा त्यांना नाणे मिळाले, आणि त्याच सुमारास गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. अक्षरांवरून काळ वाचता आला. पुढे 1956 साली इथे शेजारी भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा निघाला, तोही अक्षरांमुळेच ओळखला गेला. माझ्या दगडाला बोलता येत नाही, हा काय त्याचा गुन्हा?"

"त्याला बोलता येत नाही, पण त्याच्या शेजाऱ्यांना येते," भाचीचे उत्तर तयार होते. "दगडाचे वय असे काही मोजता येतच नाही, मामा, कॅल्सेडनी ज्या कातळात जन्मली त्या कातळाचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात आहे, आणि ते आपल्या काही उपयोगाचे नाही. आपल्याला हवा आहे तो त्या घावाचा क्षण. दगडाशेजारी कोळसा, हाड किंवा शिंपला असला तर त्यातला किरणोत्सर्गी कार्बन मोजता येतो. तो दर 5730 वर्षांनी निम्मा होतो, आणि म्हणून पन्नास हजार वर्षांपलीकडे त्यात मोजण्याजोगे काही उरत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळी यांनी शहामृगाच्या अंड्याची कोरीव नक्षीची कवची काढली, तिचा काळ सुमारे 25,000 वर्षे आला तो याच मार्गाने. आणि त्यामुळे त्या थरातल्या हत्यारांनाही काळ मिळाला. त्याहून जुन्या काळासाठी वाळूचे कण. मातीत पुरलेला कण अंधारात आसपासच्या किरणोत्साराची ऊर्जा साठवीत राहतो. सूर्यप्रकाश लागला की ती साठवण रिकामी होते. म्हणून आम्ही थराच्या उभ्या काठात पोलादी नळी ठोकतो आणि आतली वाळू उजेड न दाखवता प्रयोगशाळेत नेतो. त्या वाळूने सूर्य शेवटचा केव्हा पाहिला, एवढे ती सांगते. ती दगडाची साक्ष नव्हे, दगडावर पांघरलेल्या मातीची साक्ष. तमिळनाडूत अत्तिरंपाक्कमला शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी असेच थर मोजले आणि 2018 साली प्रसिद्ध केले. ज्या घडणीला तुम्ही पन्नास हजार वर्षे म्हणालात, तिची सुरुवात तिथे 3,85,000 वर्षांपूर्वीपर्यंत मागे गेली."

आकड्यातील हे अंतर ऐकून मामा थोडा वेळ गप्प राहिले. पण ज्याची उभी हयात फेरफारांच्या तक्रारी ऐकण्यात गेली तो मनुष्य इतक्यात हार मानणारा नव्हता. "मग बोरीचे काय?" त्यांनी विचारले. "जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, कुकडीच्या काठी, हातकुऱ्हाडी आणि ज्वालामुखीची राख एकत्र सापडली. आधी यंत्राने सांगितले, चौदा लाख वर्षे. मग दुसऱ्या यंत्राने 1995 साली सांगितले, पावणेसात लाखांच्या आसपास. तिसरे म्हणतात, ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, फार तर पंचाहत्तर हजार वर्षांची. एका राखेची तीन वये! माझा अंदाज पन्नास हजाराचा होता म्हणून मी अडाणी, आणि चौदा लाख ते पंचाहत्तर हजार यांत गोते खाणारे शास्त्रज्ञ?"

हा घाव बरोबर बसला, हे मला मान्य केले पाहिजे, आणि भाचीनेही तो चुकवला नाही. राख त्या जागी आकाशातून पडली की नदीने वाहून आणून पुन्हा पसरली, तिच्यातील काचेच्या कणांचे रसायन कोणत्या उद्रेकाशी जुळते, कोणत्या खनिजाने आपले जुने वय तिच्यात मिसळले, या प्रत्येक मुद्द्यावर तिचे गुरुजनही एकमत नाहीत, असे तिने सरळ सांगितले. "पण मामा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज किंचित चढला, "हे भांडण करता येते ते कशाच्या जोरावर? बोरीची जागा ठाऊक आहे. राखेचा थर अजून तिथे आहे. ज्याला शंका आहे तो कुकडीच्या काठी जाऊन नवा नमुना काढू शकतो. तुमच्या तासणीबद्दल भांडण करायला जागाच नाही. तुम्ही चाळीस वर्षे कचेरीत काढलीत. जप्तीचा मुद्देमाल पंचनाम्याशिवाय समोर आला, तर तुम्ही तो दाखल करून घेतला असता का? कोठे सापडला, चतुःसीमा काय, किती खोल, शेजारी काय होते, कोण हजर होते, यांतले एकही उत्तर नसलेला कागद तुम्ही दप्तरात बसू दिला असता का?"

मामांनी उत्तर दिले नाही. ते वर्तमानपत्राची घडी सरळ करीत राहिले.

"कोठे उचललात?" तिने हलकेच विचारले.

तेव्हा त्यांनी सांगितले. शेजारच्या वाडीतले जुने बावखल, ज्याच्या काठी त्यांच्या लहानपणी रहाट फिरे, काही वर्षांपूर्वी बुजवले गेले. ट्रकामागून ट्रक मुरूम येऊन पडला, आणि त्या ढिगाऱ्यावर पाऊस पडून गेल्यानंतरच्या एका सकाळी त्यांना हा दगड चमकताना दिसला. म्हणजे तो गासचा नव्हताच. गासची जमीन समुद्राने आणि खाड्यांनी घडवलेली, वाळूची आणि चिकणमातीची. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे 120 मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला फार दूर होता, आणि पाणी चढले तेव्हा त्याने काय काय गिळले याचा एक पुरावा एकोणिसाव्या शतकात मुंबईचा प्रिन्स डॉक खणताना मिळाला: भरतीच्या पातळीखाली, चिखलात, खैराच्या झाडांचे बुडलेले रान. कोयीएवढ्या छिलक्याला लागणारी गाठींची कॅल्सेडनी या सपाटीत उपजत नाही. ती कातळाच्या टेकडीतून येते, आणि पूर्वेकडची एखादी टेकडी खोदून तिचा मुरूम इथे ओतला गेला तेव्हा तिच्या पायथ्याशी बसलेली ही तासणीही पत्ता मागे टाकून आली असावी.

"हे बघ पोरी," मामा बराच वेळाने म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात आता राग नव्हता, दुःख होते. "मी तो उचलला नसता, तर आज त्याच्यावर चार मजले उभे असते. मद्रासजवळ पल्लावरमला 1863 साली पहिले हत्यार उचलले ते ब्रूस फूटने, आणि तो भूगर्भाच्या खात्यातला नोकर होता, टॉड आरमारातला. तुमचे शास्त्र ज्यांनी सुरू केले ते सगळे माझ्यासारखे वेचणारे होते. तुम्ही परवाने घेऊन, नळ्या घेऊन याल तोपर्यंत टेकडीच उरणार नाही. टॉडच्या कांदिवलीत थर पाहायला आज तू कुठे जाशील?"

माझे स्वतःचे मत मी इथे सांगतो, कारण तटस्थ राहणे मला जमले नाही. काळाच्या प्रश्नात भाचीचे म्हणणे निर्विवाद आहे. परंतु मामांच्या या शेवटच्या वाक्यात जी तळमळ होती, तिच्याविना भाचीचे शास्त्र निष्प्राण राहील. वसई-विरारच्या सपाटीवर दररोज जो भराव पडतो आहे तो कोठून तरी खणून येतो. प्रत्येक बुजलेल्या बावखलामागे एक पोखरलेली टेकडी असते, आणि त्या टेकडीच्या पायथ्याशी कोणी, केव्हा, कशासाठी बसून हत्यारे घडवीत होते याची नोंद खडी फोडण्याच्या यंत्राकडे नसते. वेचणाऱ्याने दगड उचलू नये असे म्हणणे आज क्रूरपणाचे ठरेल. त्याने उचलण्यापूर्वी जागा लिहून ठेवावी, एवढेच मागणे रास्त आहे.

भाचीलाही हे पोहोचले असावे, कारण तिने वादाचा धागा सोडून पुन्हा दगड हातात घेतला. "याच्या धारेवर अजून एक काम होऊ शकते," ती म्हणाली. "रशियात सेम्योनोव यांनी 1957 साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की हत्याराच्या कडेवरची झीज सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते. कातड्यावर चालवलेली धार बोथट, गोल, मंद चकाकीची होते. लाकडावरची चकाकी निराळी असते. काळ नाही, पण याने काय तासले हे कदाचित कळेल. मात्र डब्यात इतर दगडांवर हा किती वर्षे खडखडत राहिला, कोण जाणे. आजपासून कापसात ठेवा, आणि धुऊ नका."

मामा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुन्या पद्धतीची, लाल कापडी पाठीची रोजनिशी होती. चष्मा पुसून त्यांनी पाने उलटली, आणि एका पानावर बोट ठेवले.

"बावखल बुजवायला सुरुवात झाली तो दिवस मी लिहून ठेवला आहे," ते म्हणाले. "पाणी गेले याचे दुःख होते म्हणून लिहिले होते. ट्रक किती आले तेही आहे. आता ऐक. मुरूम म्हणजे गौण खनिज. सरकारात स्वामित्वधन भरल्याशिवाय आणि वाहतुकीचा परवाना काढल्याशिवाय तो खाणीतून हलवता येत नाही, आणि परवान्यावर खाणीचे गाव आणि गट नंबर लिहावा लागतो. खाण चोरीची असली तर इलाज नाही. पण रीतसर असली, तर या तारखेचा कागद दप्तरात असला पाहिजे."

भाची त्यांच्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे कोणती टेकडी, ते कळेल?"

"टेकडी कळेल. तिचा काठ अजून उभा आहे की नाही, ते तुला जाऊन पाहावे लागेल." त्यांनी रोजनिशीतला एक कोरा चतकोर फाडला, टाकाने नव्हे पण त्याच वळणदार अक्षरांत त्यावर लिहिले: 'तासणी, एक नग, कॅल्सेडनी, मौजे गास येथील भरावातून, मूळ ठिकाण तपासाधीन', खाली तारीख घातली, सही केली, आणि तो कागद दगडाभोवती गुंडाळण्यापूर्वी भाचीपुढे सरकवला.

"साक्षीदार म्हणून तूही कर," ते म्हणाले. "उद्या सोमवार, कचेरी दहाला उघडते."